घरी रोज किती तास व्यायाम घ्यावा?

पत्र

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याचा जन्म साडेसातव्या महिन्यात झाला आणि पुढे त्याला सेरेब्रल पाल्सी असल्याचे निदान झाले. दोन्ही पाय ताठर असतात तो स्पॅस्टिक डायप्लेजिया हा प्रकार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असून कागदावर ‘तिसरी पातळी’ असे लिहिले आहे. तो छान बोलतो, सगळे समजतो, वॉकर धरून घरात चालतो. आठवड्यातून तीन दिवस मी त्याला मानेवाड्याहून धंतोलीला थेरपीसाठी नेते. शिवाय घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पाय ताणणे, सांधे वाकवणे, सरळ करणे हे व्यायाम मीच घेते. त्यासाठी मागच्या वर्षी नोकरी सोडली. तो खूप रडतो. आता तर मी चटई अंथरली की दिवाणाखाली जाऊन लपतो. सासूबाई रोज तेलाने मालिश करतात आणि त्याचे कपडे, आंघोळ, जेवण सगळे त्याच करतात. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये असतात. नातेवाईक म्हणतात की पाच वर्षांनंतर काही सुधारणा होत नाही, त्याआधी स्टेम सेलचे उपचार करून घ्या. त्यासाठी काटोलकडचे शेत विकण्याचा विचार घरात सुरू आहे. घरी आणखी किती तास व्यायाम घ्यावा? मी कुठे कमी पडते आहे का? परवा त्याने विचारले की, तान्ह्या पोळ्याला माझा बैल मीच ओढणार ना? मला काही उत्तर देता आले नाही.

— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते, कारण ते मिळेपर्यंत पुढचे वाचण्यात तुमचे मन लागणार नाही. घरचे तास वाढवू नका. उलट, आज जे दोन तास चालू आहेत त्यांतला मोठा भाग कमी करता येईल असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. अर्थात मी तुमच्या मुलाला तपासलेले नाही, त्यामुळे हा बदल थेरपिस्टशी बोलून करायचा आहे, परस्पर नव्हे. तुम्ही कमी पडत नाही आहात. तुमचे श्रम मात्र अशा व्यायामात खर्च होत आहेत ज्यातून त्याच्या पदरात फार थोडे पडते.

याचे कारण नीट समजून घेतलेत तर पुढचे निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येतील. सेरेब्रल पाल्सीत इजा झालेली असते ती मेंदूला, पायांना नव्हे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये मेंदूतील पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाला इजा होण्याचा धोका असतो, आणि पायांकडे जाणारे मज्जातंतू याच भागातून, पोकळ्यांच्या अगदी जवळून जात असल्यामुळे अशा मुलांचे हात बऱ्यापैकी चालतात पण पाय ताठर राहतात. मेंदूतील ती इजा वाढत नाही. मूल मात्र वाढत असते. हाडे लांब होत जातात आणि ताठर स्नायूंची लांबी त्या वेगाने वाढत नाही, म्हणून वाढीच्या वयात टाच उचलली जाणे, गुडघे वाकलेले राहणे, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जाणे हे प्रकार अधिक दिसू लागतात. हाताने अर्धा-एक मिनिट पाय ताणून धरल्याने ही तफावत भरून निघेल, अशी अनेक वर्षे समजूत होती. आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर मात्र अशा हाताने दिलेल्या ताणाचा टिकाऊ उपयोग दिसून येत नाही. स्नायूची लांबी राखायची असेल तर त्याला सौम्य ताण कितीतरी तास सलग मिळावा लागतो, आणि ते काम आईच्या हातांचे नसून पायात घालायच्या एएफओचे (घोटा आणि पाऊल नीट स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधाराचे), टप्प्याटप्प्याने बदलत नेलेल्या प्लास्टरचे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेल्या, स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचे असते. त्या इंजेक्शनचा परिणाम काही महिनेच टिकतो आणि त्या काळात सराव झाला तरच तो कामी येतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चटईवर तुम्ही त्याचा पाय वाकवता आणि सरळ करता तेव्हा ती हालचाल तुमची असते, त्याची नसते. हालचाल शिकतो तो मेंदू, आणि तो शिकतो ते स्वतः काही करू पाहताना, चुकताना, पुन्हा करून पाहताना. वर ही शिकवण नेमक्या त्या कामाला चिकटलेली असते. पाय उचलण्याचा व्यायाम शंभर वेळा केल्याने मूल पाय उचलण्यात तरबेज होते. पाटावरून उठून दारापर्यंत जाण्याचा सराव केला तर पाटावरून उठून दारापर्यंत जाण्यात तरबेज होते. हे वाचायला सोपे वाटेल, पण या क्षेत्रातील विचार गेल्या दोन-तीन दशकांत ज्या गोष्टीमुळे बदलला ती हीच आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींविषयी अलीकडे प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक शिफारशीही हेच सांगतात: ध्येय मुलाने आणि कुटुंबाने ठरवावे, सराव संपूर्ण कामाचा करावा, तुकड्यांचा नव्हे, आणि तो शक्यतो जिथे ते काम रोज करायचे आहे तिथेच करावा.

तासांच्या हिशेबाला एक आधार देते. ऑस्ट्रेलियात आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली घरच्या कार्यक्रमांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या शाळकरी वयाच्या मुलांच्या पालकांबरोबर बसून थेरपिस्टनी ध्येये ठरवली, त्यांना पूरक असा सराव निवडला आणि अधूनमधून पालकांना हात दिला. आठ आठवड्यांच्या अखेरीस, घरी कार्यक्रम नसलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांची रोजची कामे आणि हातांचा वापर स्पष्टपणे सुधारला होता. या पालकांनी प्रत्यक्षात केलेला सराव सरासरीने महिन्यातून साडेसतरा वेळा आणि दर वेळी साडेसोळा मिनिटे इतका होता. म्हणजे दिवसाआड, वीस मिनिटांहूनही कमी. प्रत्येक मुलाला एवढेच पुरते असा याचा अर्थ नाही, आणि चालण्यासारख्या मोठ्या कामाला अधिक सराव लागतो. पण नेमके ध्येय असलेली पंधरा-वीस मिनिटे आणि ध्येयाविना दोन तास यांत निवड करायची असेल तर मी डोळे मिटून पहिल्या पर्यायाकडे जाईन.

मग ध्येय कोणते? ते तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, तुम्ही जवळजवळ दुःख म्हणून लिहिलेल्या ओळीत आहे. त्याला तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, स्वतःचा बैल स्वतः ओढायचा आहे. एखाद्या थेरपिस्टने महिनाभर निरीक्षण करूनही इतके चांगले ध्येय सुचवले नसते. त्यात उठणे आहे, चालणे आहे, वळणे आहे, थांबणे आहे, गल्ली आहे, बरोबरीची मुले आहेत आणि मुख्य म्हणजे ते त्याचे स्वतःचे आहे. पोळा श्रावणी अमावस्येला असतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हे लिहीत असताना जून सुरू आहे. वेळ पुरेसा आहे.

पुढच्या वेळी थेरपिस्टना हेच सांगा आणि तुमच्या घरापासून गल्लीतल्या ठरलेल्या जागेपर्यंतच्या वाटेचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवा. धंतोलीच्या सपाट फरशीवर त्यांना तुमचा उंबरा दिसत नाही, पायऱ्या दिसत नाहीत, आणि घराबाहेरचा रस्ता किती उतरता आहे हेही दिसत नाही. मग त्यांच्याबरोबर कामाचे निरीक्षण करा: तो हे आज कुठवर करू शकतो आणि नेमका कुठे अडतो? माझा अंदाज असा की पहिली अडचण हातांची असेल. दोन्ही हात वॉकरवर असतील तर बैलाची दोरी धरणार कोण? ही अडचण त्याच्या पायांना बळकट करून सुटणारी नाही. ती दोरी बांधून सुटेल. त्याचा वॉकर मागच्या बाजूने आधार देणारा असेल तर चाकांचा हलका लाकडी बैल वॉकरच्या मागच्या दांडीला बांधता येईल. पुढून ढकलायचा असेल तर दोरी बाजूच्या पायाला बांधावी लागेल, आणि दोन्ही बाबतीत बैलाच्या ओझ्याने वॉकर कलंडत तर नाही ना हे आधी मोठ्या माणसाने तपासावे. वस्तू किंवा जागा बदलून काम सोपे करणे ही लबाडी आहे अशी भावना काही पालकांच्या मनात असते. ती सोडून द्या. उंबऱ्यावर टाकलेली फळी आणि बैलाची बांधलेली दोरी हीसुद्धा थेरपीच आहे.

आता सराव. पहिल्या दिवसापासून बैल घेऊनच करा. ‘आधी पाय तयार होऊ देत, मग बैल’ असे म्हणू नका, कारण त्याच्या मनात बैल आहे, पाय नाहीत. माजघरातून पुढच्या खोलीपर्यंत जाणे, बैल सोफ्याच्या कोपऱ्यात अडकला तर मागे येऊन सोडवणे, आजीच्या खुर्चीसमोर थांबून एक हात वॉकरवरून काढून बोजारा (तान्ह्या पोळ्याला मुलांना मिळणारे पैसे) घेणे आणि तो खिशात टाकणे. हे शेवटचे काम मला विशेष आवडते. एका हाताच्या आधाराने स्थिर उभे राहण्याचा सराव थेरपी विभागात रिंगा आणि कोन देऊन करून घ्यावा लागतो. इथे पाच रुपयांचे नाणे तेच काम करते आणि मूल पुन्हा पुन्हा मागते. एखादी फेरी फसली तर लगेच सावरायला धावू नका, पडणार नाही एवढ्या अंतरावर राहा आणि विचारा, “आता काय करून पाहशील?” साडेचार वर्षांचे बोलके मूल याला उत्तर देते, आणि ते उत्तर तुमच्या सूचनेपेक्षा सहसा अधिक उपयोगी असते. फेऱ्या किती झाल्या याची खूण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यालाच करू द्या. साधारण चार आठवड्यांनी थेरपिस्टबरोबर पुन्हा पाहा: अंतर वाढले का, थांबणे जमते का, उंबरा पार होतो का. काहीच बदलले नसेल तर दोष सरावात किंवा ध्येयाच्या आकारात आहे. मुलात नाही आणि तुमच्यातही नाही.

एक व्यावहारिक सूचना इथेच सांगून ठेवते. एएफओ घालून उघड्या गुळगुळीत टाइल्सवर चालवू नका, त्यावर बूट हवाच, नाहीतर पाय घसरतो. आपल्याकडच्या उकाड्यात एएफओच्या आत घाम साचून कातडी खराब होते, म्हणून आत सुती मोजा घाला, तो दमट झाला की बदला, आणि एएफओ काढल्यावर उमटलेला लाल डाग वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर ते बनवणाऱ्याकडे दुरुस्तीला न्या. घराबाहेरचा सराव सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच करा.

पाटावरून उठणे या एका कृतीबद्दल थोडे अधिक लिहिते. त्याला दोन्ही पाय बाजूला फाकवून मध्ये बसायची सवय असेल. ताठर पायांच्या बहुतेक मुलांना ती असते, कारण तशा बैठकीत तोल राहतो आणि हात मोकळे होतात. त्यावरून दिवसभर ओरडत बसण्यापेक्षा त्याच्या उंचीचा पाट किंवा छोटे स्टूल द्या, ज्यावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. खेळ समोरच्या दिवाणावर मांडा, म्हणजे दर वेळी वस्तू घ्यायला त्याला उठावे लागेल. बसणे आणि उठणे ही पायांना बळ देणारी कृती दिवसातून कितीतरी वेळा आपोआप घडेल आणि तिला व्यायाम म्हणावे लागणार नाही.

आता सासूबाईंविषयी. हा भाग जपून लिहिते आहे, कारण त्यांच्या मायेत काही खोट नाही. मालिशमुळे मुलाला बरे वाटते, झोप लागते, आजीचा हात अंगावरून फिरतो. एवढे पुरेसे आहे, ते चालू राहू द्या. मालिशने ताठरपणा कायमचा जातो किंवा मूल चालू लागते असे मात्र नाही, आणि जोर लावून सांधे मोडण्याचा प्रकार मालिशमध्ये होत असेल तर तो लगेच थांबवायला हवा. अडचण मालिशची नाहीच. अडचण ही की कपडे, आंघोळ, जेवण ही दिवसातली सरावाची सगळ्यात चांगली कामे आजी त्याच्या वतीने उरकून टाकतात. मग तुम्हाला चटई अंथरून कृत्रिम व्यायाम घ्यावा लागतो. ज्या मुलाच्या हातून घरात दिवसभर काहीच घडू दिले जात नाही त्याला संध्याकाळी तासभर व्यायाम देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

सासूबाईंना ‘तुम्ही करू नका’ असे सांगू नका. त्यांना अर्धेच काम करायला सांगा. उदाहरणार्थ चड्डी घालताना आजीने ती दोन्ही पायांतून गुडघ्यांच्या वर आणून द्यावी, त्याने दिवाण धरून उभे राहावे आणि उरलेली स्वतः वर ओढावी. शेवटचा टप्पा त्याचा, कारण काम संपल्याचा आनंद शेवटच्या टप्प्यात असतो. आठ-पंधरा दिवसांत तो सहज जमू लागला की आजीने गुडघ्यांच्या खालीच थांबायचे, आणि असे मागे मागे येत एक दिवस चड्डी त्याच्या हातात द्यायची. बनियनचेही तसेच: डोके आणि एक हात आजीने घालून द्यावा, दुसरा हात त्याने. कपडे घालायला त्याला खोलीच्या कोपऱ्यात बसवले तर दोन भिंतींचा आधार मिळतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वरण-भात जाड दांड्याच्या चमच्याने आणि उभ्या काठाच्या वाटीत द्या, वाटीखाली ओले फडके ठेवा म्हणजे ती सरकणार नाही. पहिले दहा घास त्याचे आणि तो दमला की उरलेले आजीचे. थेरपीला निघायच्या घाईत हे शक्य नाही, तेव्हा खुशाल तुम्ही उरका. पण संध्याकाळी आजीच्या हाताशी वेळ असतो, आणि खरे सांगायचे तर नातू धडपडत असताना हात मागे ठेवून बसणे हे त्यांच्यासाठी मालिशपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. तसे त्यांना मोकळेपणाने सांगा. थेरपिस्टच्या एखाद्या भेटीला त्यांनाही घेऊन जा. सुनेच्या तोंडून आलेली सूचना आणि तीच तज्ज्ञाच्या तोंडून आलेली सूचना यांचे घरातले वजन वेगळे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुलाच्या रडण्याकडे आजवर तुम्हाला कदाचित ‘रडू द्या, व्यायाम थांबवू नका’ असे सांगितले गेले असेल. मी याच्याशी सहमत नाही. रडणे कंटाळ्याचे असू शकते, भीतीचे असू शकते आणि दुखण्याचेही असू शकते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत दुखणे वारंवार आढळते आणि वारंवारच दुर्लक्षिले जाते. ठरावीक सांधा हलवला की, बूट घातला की किंवा रात्री कूस बदलताना तो रडत असेल तर ते दुखणे समजून डॉक्टरांना दाखवा. चटई पाहून लपणे हे मात्र उघड उत्तर आहे. ती चटई काही दिवस गुंडाळून ठेवा. यूट्यूबवर पाहून एखादा हात बांधून ठेवण्यासारखे प्रयोगही करू नका. ती पद्धत शरीराच्या एकाच बाजूला त्रास असलेल्या मुलांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची आहे आणि तुमच्या मुलाशी तिचा संबंध नाही.

पाच वर्षांच्या भीतीविषयी. या समजुतीच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २००२ साली त्यांच्या हालचालींच्या विकासाचे आलेख प्रसिद्ध करण्यात आले. बसणे, उभे राहणे, चालणे अशा मोठ्या हालचालींच्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के पल्ला पहिल्या पातळीची मुले (पहिली पातळी सर्वांत सौम्य, पाचवी सर्वांत तीव्र) साधारण ४.८ वर्षांपर्यंत, तिसऱ्या पातळीची ३.७ वर्षांपर्यंत आणि पाचव्या पातळीची २.७ वर्षांपर्यंत गाठतात, असे त्यात दिसले. म्हणजे तुमचा मुलगा पुढे आधाराशिवाय सर्वत्र चालेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही; तिसरी पातळी याचा अर्थ हातात धरायच्या साधनाने चालणे आणि लांबच्या अंतराला व्हीलचेअर वापरणे असाच आहे. पण त्या आलेखांत मोजल्या होत्या त्या केवळ मोठ्या हालचाली. कपडे घालणे, संडासला एकट्याने जाणे, लिहिणे, रस्त्यावर व्हीलचेअर चालवणे, मित्र जोडणे, गणित सोडवणे यांना पाचव्या वाढदिवशी कुलूप लागत नाही. आणि आहे ती क्षमता टिकवायची तर सराव पौगंडावस्थेत आणि त्यानंतरही लागतो, त्यामुळे ‘आत्ताच काय ते सगळे’ ही घाई मुळातच चुकीची आहे.

स्टेम सेलसाठी शेत विकू नका. इथे मी माझे मत सौम्य करणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठी केले जाणारे प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा रुग्णांवरील वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. जिथे पॅकेज सांगितले जाते, हप्ते सांगितले जातात आणि ‘पाचच्या आत आणा’ असा तगादा लावला जातो, तिथे संशोधन चालू नाही, व्यापार चालू आहे. अशा उपचारानंतर सुधारणा दिसल्याचे सांगणारे पालक खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. त्यासोबत रोज अनेक तास थेरपी दिली जाते आणि मूल वाढतच असते, तेव्हा श्रेय कोणाचे हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

पैशांचा आणि कागदपत्रांचा भाग थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढले नसेल तर काढून घ्या. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. शाळेसाठी सहा वर्षे थांबू नका, अंगणवाडीत किंवा बालवाडीत आत्ताच पाठवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही अंतर्भाव आहे. आठवड्यातून तीनदा खासगी थेरपी आर्थिकदृष्ट्या जड जात असेल तर नागपुरात मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे दोन्ही विभाग आहेत, मिहानमधील एम्समध्ये पुनर्वसन वैद्यकाचा विभाग आहे आणि दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही शहरात आहे. घरचा कार्यक्रम नीट बसला तर तीनऐवजी एक भेट, पण ती संपूर्ण वेळ तुमच्याशी बोलून, तुम्हाला शिकवून, पुढचा टप्पा ठरवून, असेही थेरपिस्टशी ठरवता येईल. त्यांनी नकार दिला तर कारण विचारा. पटेल असे कारण असू शकते.

नोकरीबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिले आहे, पण ते वाक्य मी दोनदा वाचले. मुलाला थेरपी मिळावी म्हणून नोकरी सोडली आणि आता थेरपीमुळेच मूल तुमच्यापासून लपते, ही स्थिती कोणाही आईला सोसवणारी नाही. वर लिहिलेला सराव दिवसभरात विखुरलेला आहे आणि त्यातला निम्मा आजीच्या हातचा आहे. मिस्टरांची पहिली शिफ्ट असेल त्या संध्याकाळच्या गल्लीतल्या फेऱ्या त्यांच्याकडे द्या; बैल ओढायला शिकवणे हे बापाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. हे बसल्यावर पूर्ण वेळ नाही तर अर्धा दिवस पुन्हा कामावर जाता येईल का, याचा विचार करा, आणि त्यासाठी मुलाच्या चालण्याची वाट पाहू नका.

शेवटी एक काम, जे घरी होत नाही आणि ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. अशा मुलांचा खुबा स्नायूंच्या ओढीमुळे हळूहळू खोबणीतून सरकू शकतो आणि सुरुवातीला ना दुखते, ना चालण्यावरून कळते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के आणि तिसऱ्या पातळीच्या मुलांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांमध्ये खुबा सरकलेला आढळला. वेळेत कळले तर उपाय तुलनेने सोपे असतात, उशीर झाला तर मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यासाठी दोन्ही खुब्यांचा एक साधा एक्स-रे ठरावीक अंतराने काढावा लागतो. तिसऱ्या पातळीच्या मुलांसाठी सुरुवातीला साधारण दर सहा महिन्यांनी, आणि पुढे स्थिती पाहून डॉक्टर अंतर वाढवतात. फाइल उघडून शेवटचा एक्स-रे कधी काढला ते पाहा. सापडला नाही तर या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: आलेले कौशल्य, म्हणजे बोलणे, उभे राहणे, हाताने धरणे, मूल गमावू लागले, किंवा झटके येऊ लागले, तर कोणाकडे जायचे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूतील इजा वाढत नसल्यामुळे अशी घसरण दिसली तर ती ‘याच आजाराचा भाग’ म्हणून सोडून द्यायची नसते, तिची वेगळी तपासणी करून घ्यायची असते.